पुढे ढकलायची गोळी

भांडुपच्या टेकडीवर मे महिन्यात पाण्याची मोटर जळणं यात नवल काही नव्हतं. ती दर वर्षी जळते आणि दर वर्षी वस्तीतली चार शहाणी माणसं तिच्याभोवती उभी राहून माना हलवतात. यंदा मात्र माना हलवूनही अकरा दिवस उलटले होते. सकाळी नऊला खाली रस्त्यावर टँकर लागायचा, आणि तिथून एकशे बारा पायऱ्या चढून ज्याने त्याने आपलं पाणी आपल्या घरात न्यायचं. अक्षताच्या घरात पाणी न्यायचं म्हणजे अक्षतानेच. सासूचे गुडघे गेलेले आणि नवरा साडेसातलाच कामावर.

अक्षता एकोणतीस वर्षांची. एका वेळी एक हंडा कमरेवर आणि एक कॅन हातात, अशा सहा खेपा ती करायची. कमरेवरचा हंडा डावीकडेच घ्यायला लागायचा, कारण उजवीकडे घेतला की पोटावरच्या टाक्यांच्या जागी ओढ बसायची. टाके नऊ महिन्यांपूर्वीचे. दुसऱ्या मुलीच्या वेळी पोट फाडावं लागलं होतं आणि नंतर रक्त थांबेना. तीन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, नितेशला, समोर बसवून सांगितलं होतं, दोन वर्षं तरी हिला दिवस जाता कामा नयेत, गेले तर या वेळेसारखी ही हाती लागेल असं नाही. नितेशने मान डोलावली होती. सासू रुक्मिणी बाहेर बाकावर बसली होती, तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही, आणि नंतर कोणी घातलंही नाही. नातवाची आस लागलेली ती आपली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, दोन चेडवां झाली, आता एक झिल झालो की झाला.

नितेश एसी दुरुस्त करायचा. उन्हाळा म्हणजे त्याची सुगी. दिवसभर पवईच्या उंच इमारतींच्या कठड्यांवर लोंबकळून तो लोकांची घरं गार करायचा आणि घरी येऊन पत्र्याखाली घामाने भिजत झोपायचा. माणूस वाईट नव्हता. डॉक्टरणीचं बोलणं त्याने मनावर घेतलं होतं. दवाखान्यातून निरोधची पाकिटं तोच आणायचा आणि आईच्या हाती लागू नयेत म्हणून एका बिस्किटाच्या डब्यात घालून पोटमाळ्यावर, थेट पत्र्याला टेकवून ठेवायचा. भर मे महिन्यात तो पत्रा इतका तापायचा की वर ठेवलेली मेणबत्ती वाकडी व्हायची. डब्याचं काय होत असेल हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही.

रविवारी दुपारी रुक्मिणी दोन्ही नातींना घेऊन विक्रोळीला भाचीच्या साखरपुड्याला गेली. दहा बाय बाराच्या खोलीत नवराबायको एकटे असण्याचा योग महिन्या-दोन महिन्यांनी येतो, तसा तो आला. तीनच्या सुमाराला नितेश उठून बसला आणि बराच वेळ हातातल्या फाटक्या रबराकडे बघत राहिला. अक्षताने विचारलं तेव्हा त्याने नुसतं दाखवलं. तिला पहिल्यांदा आठवली ती बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या छताला गरगरणारी पांढरी ट्यूबलाइट.

अशा वेळी दिवस राहू नयेत म्हणून एक गोळी असते हे दोघांनाही ठाऊक होतं. जाहिरात पाहिली होती, त्यात एक बाई हसत हसत घरातून बाहेर पडते. तेवढंच. संध्याकाळी नितेश खाली औषधाच्या दुकानात गेला. काउंटरला नेमकी एक तरुण मुलगी, आणि त्याच्या मागेच येऊन उभा राहिला जयवंत. जयवंत म्हणजे वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी. येत्या शनिवारी मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती आणि पूजेला बसायच्या जोडप्याच्या चिठ्ठीत यंदा, अकरा वर्षं वाट पाहिल्यावर, नितेशचं नाव निघालं होतं. अशा माणसाच्या देखत काय मागायचं? नितेश काउंटरवर वाकून पुटपुटला, बायकोच्या पाळीची गोळी पाहिजे.

मुलीने सरळ विचारलं, "पुढे ढकलायची ना?"

नितेशच्या मनात आलं, जे काही येऊ घातलंय ते ढकलायचंच तर आहे. तो म्हणाला, हो, ढकलायचीच. सणावाराला, पूजेला, देवदर्शनाला वस्तीतल्या बायका याच दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या नेतात, त्यामुळे मुलीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिने गोळ्यांची पट्टी दिली, दिवसातून तीनदा म्हणून सांगितलं. जयवंतने मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पूजेची तयारी जोरात दिसते म्हणाला. नितेशने सुटलो म्हणून हो म्हटलं. वाटेत त्याने पट्टीवरचं खोकं आणि आतला कागद दोन्ही गटारात टाकले, पुरावा नको म्हणून.

अक्षताला जरा चमत्कारिक वाटलं. जाहिरातीतली बाई एकच गोळी घेत होती. पण आपलं प्रकरण जुनं नि अवघड, आपल्याला जास्त लागत असतील, अशी तिने मनाची समजूत घातली. रविवारी रात्रीच्या जेवणानंतर एक. सोमवारी तीन. सोमवारी ती टँकरच्या रांगेत हंडे लावताना, पायऱ्या चढताना, धाकटीला पाजताना सारखी स्वतःलाच सांगत होती की गोळी पोटात गेलीय, आता काळजी नाही. संध्याकाळपर्यंत तिला ते खरंही वाटायला लागलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती कणीक मळताना गुणगुणली.

मंगळवारी सकाळी ती पाचवी गोळी घ्यायला माठाकडे वळली तर रुक्मिणी पेला भरून तिच्यापुढे उभी. सासूने सुनेला पाणी द्यावं असा या घरातला हा पहिलाच प्रसंग. म्हातारीचा चेहरा फुलला होता.

"जयवंतान सांगल्यान माका. तू पूजेच्या गोळ्यो घेतंस ता. माका सांगूची पण गरज पडाक नाय, आपणहून घेतलंस. बरा वाटला माका."

अक्षताच्या हातात पेला होता, तो तसाच राहिला. पूजेच्या गोळ्या कसल्या, तिने विचारलं. रुक्मिणी हसली. सुनेला लाज वाटतेय असं समजून तिने पट्टी हातात घेतली, चष्म्याशिवायच तिचा रंग ओळखला आणि सांगून टाकलं की तिच्या दोन्ही लेकी गौरी-गणपतीला ह्याच घेतात, पाळी आठ दिवस पुढे जाते, शनिवारी काही अडचण यायची नाही. मग दारात जाऊन तिने शेजारणीलाही ऐकवलं की माझी सून किती समजूतदार आहे. अक्षताने बोटांवर मोजलं. रविवार तीनपासून आता आठ. एक्केचाळीस तास गेले होते आणि पोटात गेल्या होत्या त्या नुसत्या पूजेच्या गोळ्या.

ती टँकरचं पाणी भरून कामाला गेली. नाही जाऊन करते काय. स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात ती रोज दहा ते चार उभं राहून पोळ्या लाटायची. तिच्या शेजारच्या ओट्यावर द्रौपदीमावशी. द्रौपदी जालन्याकडची, वीस वर्षांपूर्वी मुंबईला आलेली, भीमनगरच्या बौद्ध वस्तीत राहायची. तोंडाने फटकळ, हाताने अशी चलाख की दोन पोळ्या तव्यावर आणि तिसरी लाटण्याखाली. पन्नासाव्या पोळीला तिने अक्षताला विचारलं, आज तुझ्या पोळ्या नकाशासारख्या का येतायत म्हणून. अक्षताने मान वर न करता सगळं सांगितलं. तव्याचा आवाज होता म्हणून बरं, मालकीणबाईंना ऐकू गेलं नसेल.

द्रौपदीने लाटणं खाली ठेवलं. नितेशला तिने जी शिवी हासडली ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग म्हणाली, "तीन दिवसांची मुदत असती त्या गोळीला. आरोग्य केंद्रात मिळती, फुकट. पन आपन सुटू तवर ते बंद. आज नवऱ्याला पाठवू नको, त्यो काय भलतंच आनंल."

चार वाजता सुटल्यावर अक्षता स्वतःच औषधाच्या दुकानात गेली. काउंटरपुढच्या बाकावर जयवंतची बायको बसली होती, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेली. तिने अक्षताला जवळ बसवून घेतलं आणि शनिवारी कोणती साडी नेसणार ते विचारलं. दुकानातल्या मुलीने काय देऊ म्हणून विचारलं तेव्हा अक्षताच्या तोंडून ओआरएसचं पाकीट असे शब्द बाहेर पडले. ते पाकीट घेऊन ती पायऱ्या चढली आणि पन्नासाव्या पायरीवर बसून राहिली. रडू येत नव्हतं, स्वतःचा राग येत होता. मरायची वेळ आली तरी आपण कोण काय म्हणेल याचाच विचार करणार काय, असं तिच्या मनात आलं. घरी गेल्यावर रुक्मिणीने आठवणीने गोळी आणि पाणी हातात दिलं. अक्षताने गोळी जिभेखाली धरली आणि मोरीत जाऊन थुंकली.

रात्री नितेशला तिने सगळं सांगितलं. मी उद्या रजा घेतो, मी येतो, असं तो म्हणत राहिला. ती म्हणाली, तू कामाला जा, तू आलास तर मला तुलाच सांभाळावं लागेल. हे बोलणं त्याला लागलं आणि लागावं अशीच तिची इच्छा होती.

बुधवारी सकाळी तिने हंडे टँकरच्या रांगेत लावले, शेजारणीला नजर ठेवायला सांगितलं आणि कुठे जाते हे कोणालाही न सांगता निघाली. पोळी-भाजी केंद्रात तिच्या वाटच्या पोळ्या द्रौपदी लाटणार होती. आरोग्य केंद्र नऊला उघडलं. त्या दिवशी बाळांना डोस द्यायचा वार, त्यामुळे बाहेर तीसेक बायका नि तेवढीच रडणारी पोरं. अक्षताने रांग धरली. पुढची बाई विचारू लागली, तुमचं बाळ कुठंय. साडेनऊला अक्षता आत गेली तेव्हा टेबलाशी शीतल सिस्टर होत्या, चाळिशीच्या, केसांत पांढरी बट, बोलणं थेट. अक्षताने तोंड उघडलं आणि या वेळी नीट सांगितलं. निरोध फाटला, रविवारी तीन वाजता, नवऱ्याने चुकीच्या गोळ्या आणल्या. सिस्टरनी पट्टी मागितली, उलटीसुलटी करून पाहिली आणि तोंडाशी हात नेला. हसू आलं होतं की आणखी काही, ते कळलं नाही.

"या गोळ्यांवर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. या बंद," त्या म्हणाल्या. मग कागदावर तास मांडले. साडेसहासष्ट झाले होते, बहात्तरच्या आत होतं. "लवकर आली असतीस तर जास्त बरं झालं असतं. जितका उशीर, तितका हिचा जोर कमी. पण अजून वेळ गेलेली नाही."

त्यांनी एकच गोळी हातात दिली आणि समोर पाणी ठेवलं. अक्षताने विचारलं की बाळ राहिलं असेल तर ही पाडते का. सिस्टर म्हणाल्या, नाही, पुष्कळ जणींचा हाच गैरसमज. बाईच्या अंगातून महिन्याला एक बीज सुटतं, ते सुटायचं ही गोळी लांबवते, म्हणजे गाठ पडत नाही. गर्भ आधीच राहिलेला असेल तर ही त्याला धक्का लावत नाही. अंगावर पाजत असलीस तरी चालते. एवढं बोलून त्यांनी आवाज जरा चढवला, जशा शाळेतल्या बाई महत्त्वाची ओळ दोनदा सांगतात. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी वाया, लगेच परत ये, दुसरी देईन. झाल्या प्रसंगापुरतीच ही, पुढच्या वेळेला उपयोग नाही, आणि रोज खायची तर मुळीच नाही. तीन आठवड्यांनी लघवी तपासायला ये, मधे रक्त दिसलं तरी ये, कारण गोळीने मधेच थोडं जाऊ शकतं आणि बायका तीच पाळी समजून निर्धास्त होतात. नंतर तांबी बसवून घेण्याचं बघू, म्हणजे त्या पत्र्याखालच्या डब्यावर जीव टांगायला नको.

अक्षताने गोळी घेतली. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस. दारापाशी जाऊन ती परत वळली. शनिवारी पूजेला बसायचंय, या गोळ्या मधेच सोडल्या तर काय होईल, तिने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, त्या सोडल्या की दोन-तीन दिवसांत अंगावर जाऊ शकतं, शनिवारीच जाईल किंवा जाणारही नाही, ते मी लिहून देऊ शकत नाही.

टँकर येऊन गेला होता. शेजारणीने तिचे हंडे भरून ठेवले होते, वर मात्र तिलाच न्यायचे होते. अकरा चाळीसपर्यंत पोटात काही हलू द्यायचं नाही, एवढंच आता तिच्या डोक्यात होतं. ऊन डोक्यावर चढलं होतं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला साठाव्या पायरीवर तोंडाला पाणी सुटलं, कानशिलं गरम झाली. तिने हंडा कठड्यावर टेकवला, डोळे मिटले, नाकाने श्वास घेतला. कुठल्या तरी घरात सुक्या बांगड्याला फोडणी बसली होती आणि तो वास पायऱ्यांवरून खाली येत होता. तिने पदराने नाक दाबलं. वरच्या अंगाला राहणारा धोंडिराम रिकामी कॅन घेऊन खाली येत होता, त्याने विचारलं, काय गं, बातमी आहे वाटतं. तिने पदर नाकावर तसाच दाबून धरला. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

तिसरी खेप तिने केली नाही. घरात येऊन जमिनीवर आडवी पडली, गाल लादीला लावून. अकरा वाजून दहा. थोरली मुलगी येऊन तिच्या पाठीवर बसली, तिला खाली उतरवायचंही त्राण नव्हतं. घशापर्यंत येत होतं आणि ती ते गिळत होती, पुन्हा पुन्हा, आंबट. तीस मिनिटं. वीस मिनिटं. आणि त्याच वेळेला रुक्मिणी पेला आणि पट्टी घेऊन आली. सकाळची गोळी राहिलीय म्हणाली, उठ, घे.

अक्षता उठून बसली. आणखी एक घोट पाणीही पोटात राहिलं नसतं. आणि जिभेखाली गोळी धरून मोरीत थुंकायचा तिला आता मनापासून कंटाळा आला होता.

"आई, या मला नको होत्या. मला दुसरी पाहिजे होती. दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती. आज दवाखान्यात जाऊन घेऊन आले."

रुक्मिणीला कळायला वेळ लागला. ती गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाटेवर बसली. अक्षताने मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं, रक्ताच्या बाटल्यांचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं. बोलता बोलता दोनदा थांबून तोंडावर हात दाबला. शनिवारचं काही खरं नाही, हेही सांगितलं. म्हातारी इतका वेळ ऐकत होती, पण तिच्या कानाने धरलं ते शेवटचं.

"म्हणजे तू पूजेक बसूचंस नाय."

नाही, अक्षता म्हणाली. रुक्मिणीने पट्टी फळीवर ठेवली, पेल्यातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तुळशीला घातलं आणि काठी घेऊन जयवंतच्या घराकडे निघून गेली. सुनेला अडचण आहे एवढंच तिने तिथे सांगितलं, हे नंतर कळलं. घड्याळात अकरा चाळीस झाले. अक्षताने पाठीला लगटलेल्या मुलीला बाजूला केलं आणि मोरीत जाऊन ओकली. पिवळं, कडू पाणी. तास भरले होते तरी ती बराच वेळ भिंतीला धरून उभी राहिली. मग तोंड धुतलं आणि उरलेले हंडे आणायला खाली गेली.

शुक्रवारी दुपारी पोळ्या लाटताना तिच्या अंगावर गेलं. थोडंच, पण गेलं. द्रौपदी म्हणाली, सुटलीस. अक्षता म्हणाली, तसं नसतं मावशी, तीन आठवडे थांबायला सांगितलंय. तरी त्या दिवशी तिच्या पोळ्या गोल आल्या.

शनिवारी वस्तीत मांडव पडला. चौरंगाला केळीचे खांब, लाऊडस्पीकर, बायका ठेवणीतल्या साड्यांत. बाजूला बसलेली बाई एकच होती, स्वतःच्या दारात, धाकटीला मांडीवर घेऊन. येणारी-जाणारी प्रत्येक जण तिच्याकडे बघून जात होती आणि दोन पावलं पुढे गेल्यावर शेजारणीच्या कानाला लागत होती. गोळ्या घेऊनही कसं काय, असं कोणीतरी मुद्दाम ऐकू येईल इतक्या हळू बोललं. अक्षताला ते झोंबलं. अकरा वर्षांनी आलेला मान, आणि तिची नवी हिरवी साडी तशीच घडीत.

मांडवात नितेश एकटाच पाटावर बसला होता. बायको नसेल तर भटजी पुरुषाच्या कमरेला एक सुपारी खोचायला लावतात, ती बायकोच्या जागी. नितेशने सोवळ्याच्या निऱ्यांत सुपारी खोचली होती आणि ती निसटेल या धास्तीने एक हात सतत तिथेच ठेवला होता. भटजींनी दोनदा सांगितलं, यजमान, दोन्ही हात जोडा. त्याने मान वळवून आपल्या दाराकडे बघितलं. ओशाळला होता बिचारा. अक्षताला त्याची कीव आली, आणि राग अजून गेला नव्हता तोही होताच.

आरती संपल्यावर रुक्मिणी द्रोणात शिरा घेऊन घराकडे आली. बुधवारपासून ती सुनेशी कामापुरतं बोलत होती. तिने द्रोण उंबऱ्यावर ठेवला, पण परत फिरली नाही. काठीवर भार देऊन मांडवाकडे तोंड करून उभी राहिली. नितेश तेव्हा उठत होता आणि सुपारी खाली पडू नये म्हणून कंबर धरूनच उठत होता.

कधी कळेल म्हणून तिने सुनेला विचारलं. तीन आठवड्यांनी, अक्षता म्हणाली. रुक्मिणीने मान हलवली.

"सा बाळंतपणां झाली माजी. तीन जगली. डॉक्टरान तेवा सांगलेला असतला काय, नसतला काय, माका कोणी कधी इचारूक नाय." ती मांडवातल्या मुलाकडेच बघत होती. "तुज्या सासऱ्यांनी तेवा माज्या जागी कमरेक सुपारी खोवली असती ना, तरी कोणाक काय फरक पडलो नसतो."

रुक्मिणी वाकली, गुडघा धरत उंबऱ्यावर तिच्या शेजारीच बसली, सगळ्या वस्तीच्या देखत, सुनेला लागून. मग तिने धाकटीला आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि सुनेला म्हणाली, शिरा खा, गार होईल.